पंधरा तासांची ड्यूटी आणि बाळाचं दूध

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



संयोजकांनी मला 'मुस्लिम मुलींचं करिअर' असा विषय दिला होता. एवढा मोठा विषय मला झेपणार नाही. मी स्टाफ नर्स आहे, जीएनएम केलेली. एका खासगी हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. रोज जे डोळ्यांनी बघते आणि जे माझ्यावरून गेलं आहे, तेवढ्यावरच बोलते. बाळाला अंगावर पाजणं आणि नर्सची नोकरी, एवढाच माझा विषय. मागच्या रांगेतली मुलं आत्ताच एकमेकांकडे बघायला लागली आहेत. बघा बापडे. पण उठून जाऊ नका, यातलं निम्मं बोलणं तुमच्याशीच आहे.

आधी आमच्या कामाचे तास सांगते. आमच्याकडे सकाळची ड्यूटी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ, आणि रात्रीची आठ ते आठ, म्हणजे बारा तास. मी राहते इचलकरंजीत, हॉस्पिटल आहे तासाभराच्या एसटीच्या प्रवासावर. बसची वाट बघणं, स्टँडपासून चालणं, कपडे बदलणं, 'ओव्हर' देणं-घेणं धरलं तर सकाळच्या ड्यूटीला मी नऊ तास घराबाहेर असते आणि रात्रपाळीला पंधरा तास. सहा-सात महिन्यांचं बाळ पंधरा तासांत चार-पाच वेळा तरी दूध मागतं. आकडा एवढा सरळ आहे. आमच्या नोकरीत बायका का टिकत नाहीत, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या वजाबाकीतच आहे.

आता कुणी म्हणेल, पूर्वीच्या बायका काम करत नव्हत्या म्हणून त्यांची मुलं अंगावर वाढली. हे मला घरातही ऐकवलं गेलं. पण ते खरं नाही. माझी अम्मी कांड्या भरायची. इचलकरंजीचे जे आहेत त्यांना माहीत आहे, मागावर लावायच्या कांड्या बायका घरी बसून भरतात. मी, माझा भाऊ, आम्ही अम्मीच्या मांडीवर दूध पीत होतो आणि तिचा हात चालू होता. दादी शेतावर जायची, तेव्हा झाडाला झोळी बांधलेली असायची. काम होतंच, दिवसभर होतं. फरक इतकाच की काम आणि बाळ एका जागी होते. आता पगार देणारं काम घरापासून तीस किलोमीटरवर गेलं आणि बाळ घरी राहिलं. म्हणजे अडचण बाईच्या काम करण्यात नाही, कामाच्या जागेत आणि वेळेत आहे. आणि जागा आणि वेळ माणसांनीच ठरवलेली असते. ती बदलता येते.

थोडं शरीराचं सांगते, कारण बारावी सायन्स झालेल्यांनाही हे कुणी शिकवलेलं नसतं. पहिले दोन-तीन दिवस येतं ते घट्ट, पिवळसर दूध, चीक. ते काढून टाकायचं नसतं. आपल्याकडे अजूनही काही घरांत ते टाकून बाळाला मध चाटवतात. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. बाळाच्या कानात अजान द्या, दुआ करा, सगळं करा, पण बाळाच्या तोंडात पहिलं दूध आईचंच जाऊ द्या.

पुढची गोष्ट नोकरी करणाऱ्या आईसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. दूध म्हणजे टाकीत भरलेलं पाणी नाही, की आता नको, संध्याकाळी नळ सोडू. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडतं. छाती रिकामी झाली की शरीराला निरोप जातो, अजून बनव. भरलेली राहिली की निरोप जातो, पुरे आता. आठ-दहा तास दूध काढलंच नाही तर पहिल्या दिवशी छाती दगडासारखी होते, दुखते, ताप येतो, कधी गाठ होऊन पू धरतो. आणि रोज असंच झालं की पंधरा-वीस दिवसांत दूध खरोखरच कमी होतं. मग घरातले म्हणतात, "दूध पुरताच नै उसकू, डब्बा चालू कर." दूध आटलेलं नसतं. आईला ते काढायला कुणी वेळ आणि जागा दिलेली नसते. शिवाय प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणजे रात्रपाळीच्या नर्सचं नुकसान दुप्पट.

ऑक्सिटोसिनचं आणखी एक आहे. ते मनाशी जोडलेलं आहे. बाळाचा आवाज ऐकला, त्याची आठवण आली तरी ते सुटतं. आता विचार करा, बाळंतिणींच्या वॉर्डात काम करणारी, स्वतः पाजती असलेली नर्स. तिथे दर पाच मिनिटांनी कुणाचं तरी बाळ रडतं. दुसऱ्याचं बाळ रडलं की माझा पान्हा फुटायचा. आमचा युनिफॉर्म फिकट निळा. रजेवरून परत आले त्या पहिल्या आठवड्यात एका बाळंतिणीला बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवत होते. तिचा दीर, सासरे, आणखी चार माणसं कॉटभोवती. आणि माझा युनिफॉर्म समोरून ओला झालेला. मी फाइल छातीशी धरून उभी राहिले. ती फाइल पुढे तीन महिने माझ्या हातात असायची. आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या, ही पोरगी फार अभ्यासू झाली आहे.

यात अपमानापेक्षा मला जास्त टोचलं ते वेगळं. मी दिवसभर बायकांना सांगत होते, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, आणि पुढे वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त अंगावर पाजा. हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, आमच्या वॉर्डच्या भिंतीवर त्याचं पोस्टर आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो, तेव्हा आमच्याकडे रांगोळी काढतात, बक्षिसं देतात. आणि त्याच इमारतीत नर्सला दूध काढायला जागा कुठली? स्टाफचं बाथरूम. ज्या जागी आपण कुणी स्वतःचा डबा खाणार नाही, तिथे बाळाचं अन्न काढायचं.

आता कायद्याकडे येते. हे जरा लक्षपूर्वक ऐका, मोबाइलमध्ये लिहून घेतलं तरी चालेल. प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. तेव्हा रजा होती बारा आठवडे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा सव्वीस आठवडे झाली, त्यापुढच्या मुलांसाठी बारा. याच तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतल्या आहेत. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना हे लागू आहे, खासगी हॉस्पिटल त्यात येतं. हॉस्पिटलवाले तोंडी सांगतात, "एक वर्ष पूर्ण झालं नाही, तुम्हाला रजा नाही." कायद्यात एक वर्ष कुठेच नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेलं असलं की बस.

सव्वीस आठवड्यांपैकी आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. घ्यायलाच हवेत असं नाही. आठ आधी घेतले तर नंतर उरतात अठरा, म्हणजे जेमतेम चार महिने. तब्येत चांगली असेल, डॉक्टरांची हरकत नसेल, तर रजा शक्य तेवढी मागे ठेवा. सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याचा हिशोब तेव्हाच जुळतो.

कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन वेळा दूध पाजण्यासाठी वेळ द्यावा लागतो. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. रजेवर असताना नोकरीवरून काढता येत नाही. नोकरीवर घेतानाच हे हक्क लेखी सांगायची जबाबदारी मालकाची आहे. इथे नोकरी करणाऱ्या किती मुलींना असा कागद मिळाला? हात वर करा. ... ठीक आहे. मलाही मिळाला नव्हता.

कंत्राटी नोकरी असेल तरीही घाबरू नका. रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही प्रसूती लाभ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात सांगितलं. आणि २०२३ साली कविता यादव या डॉक्टरांच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटाची मुदत मधेच संपली तरी लाभ पूर्ण द्यायचा. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांना रजेचा पैसा तिकडून मिळतो, मालकाच्या खिशातून जात नाही.

माझ्या बाबतीत काय झालं? ऑफिसमधून सांगितलं, "आमच्याकडे तीन महिने देतात." मी वाद घातला नाही. घरी आले, साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला, कायद्याचं नाव, साल, किती आठवडे, कुठल्या तारखेपासून. दोन प्रती काढल्या, एकीवर पोचेची सही आणि शिक्का घेतला. शिक्का मारताना क्लार्कचा चेहरा बदलला. आठ दिवसांनी सव्वीस आठवडे मंजूर झाले. पाळणाघर मात्र आजतागायत झालेलं नाही, आमची संख्या पन्नासच्या कितीतरी वर असूनही. दूध पाजण्याच्या सुट्ट्यांबद्दल उत्तर मिळालं, "जेवायला जाताच की."

तेव्हा जे झालं ते कायद्याने नाही, माणसांनी झालं. आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या, ख्रिश्चन, पंचावन्नच्या पुढच्या. त्यांनी स्वतःच्या मुलाला चार महिन्यांचा असताना गावी आईकडे ठेवून इथे नोकरी केली होती. त्यांनी एका शब्दाने भाषण दिलं नाही. लिनन रूमची किल्ली माझ्या हातात दिली आणि आतून कडी बसवून घेतली. चादरींच्या ढिगाशेजारी एक खुर्ची, एक स्टूल. मग त्या तीन तासांनी वॉर्डात येऊन म्हणायच्या, "सिस्टर, लिनन मोजून या." सगळ्यांना कळायचं. रात्रपाळीत माझे पेशंट तेवढी वीस मिनिटं दुसरी सिस्टर बघायची, आणि तिच्या जेवणाच्या वेळी मी तिचे बघायचे. ती दुसरी सिस्टर सोलापूरकडची, अविवाहित. तिला यातून काहीच मिळणार नव्हतं. आता त्या लिनन रूममध्ये आम्ही तिघी जातो.

दूध काढायचं कसं, तेही सांगते, कारण पंप विकत घेतल्याशिवाय जमत नाही असा समज आहे. हाताने उत्तम निघतं. हात साबणाने धुवायचे. अंगठा वर आणि बोटं खाली, गडद भागाच्या थोडं मागे धरून आत छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची. त्वचेवरून बोटं घासायची नाहीत, निपल पिळायचं नाही. पहिल्या दिवशी चमचाभर निघेल. निराश व्हायचं नाही. आठवड्याभरात वाटी भरते. स्टीलचं झाकणाचं भांडं उकळून घ्यायचं, त्यात काढायचं, वर वेळ लिहायची. खोलीच्या तापमानाला चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस ठेवता येतं. आपल्या उन्हाळ्यात मी चार तासांवरही भरवसा ठेवत नाही. वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायचं नाही, तो औषधांचाच. मी पँट्रीचा वापरायचे. एसटीत आणायला बर्फाच्या पॅकचा छोटा डबा, आम्ही लस नेतो तसला. गार दूध गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही. आणि बाटली नको. वाटी-चमचा, नाहीतर आपल्या जुन्या घरांत असतं ते बोंडलं. बाटलीने पिणं सोपं जातं, मग काही बाळं अंगावर ओढायचा कंटाळा करतात. शिवाय बाटली नीट स्वच्छ होत नाही.

डब्याच्या दुधाबद्दल मी कुणाला टोचून बोलत नाही. काही आयांना ते लागतं, आजारपण असतं, औषधं चालू असतात, कुणाची आई जगातच नसते. पण डबा ज्या रीतीने घरात शिरतो ती रीत मला मान्य नाही. १९९२ चा कायदा आहे, बाळाच्या डब्याची, बाटलीची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, आमच्यासारख्या आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देता येत नाहीत. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तुमच्या बहिणीला कुणी बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहून दिलं, तर कारण विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता घर. इथे मुलांनी कान द्यावेत.

रजा संपायला पंधरा दिवस राहिले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नौकरी छोड दे. कुरआन में दो साल दूध पिलाने का हुक्म है." त्या वाईट बाई नाहीत. माझ्या लेकीला तेल लावताना त्यांच्या तोंडातून जी दुआ निघते ती ऐकून मला रडू येतं. त्यांना खरोखर वाटत होतं की मी बाळाचा हक्क मारते आहे. मी नोकरीचा मुद्दा काढलाच नाही. म्हटलं, अम्मी, ती आयत आपण पूर्ण वाचू. सूरह बकराची २३३ वी आयत आहे ती. मराठी आणि उर्दू दोन्ही तर्जुमे घेऊन बसलो, मी, त्या आणि माझा नवरा. त्यात दोन वर्षांचा उल्लेख आहे, ज्याला मुदत पूर्ण करायची इच्छा आहे त्याच्यासाठी. आणि त्याला लागूनच बापाची जबाबदारी आहे, आईच्या अन्नवस्त्राची, रिवाजाप्रमाणे नीट. कुणावर त्याच्या ताकदीपलीकडे ओझं टाकू नये, आईला बाळापायी त्रास होऊ नये, बापालाही होऊ नये. दूध सोडवायचं तर दोघांच्या राजीखुशीने आणि आपसात सल्ला करून. दुसऱ्या बाईकडून पाजून घ्यायचं असेल तर तेही चालतं. एका आयतीत एवढं सगळं आहे, आणि आपल्या घराघरांत त्यातले दोनच शब्द पोचले, दोन साल. बाकीचे बापाच्या वाट्याचे शब्द कुठे गेले?

मी आलिमा नाही. पण वाचता येतं. आणि पैगंबर साहेबांना लहानपणी हलीमा सादिया यांनी दूध पाजलं, हे तर आपल्याला मदरशात पहिल्या वर्षी शिकवतात. मूल फक्त एका बाईच्या जिवावर न टाकता वाढवण्याची सोय तेव्हाच्या समाजाने केली होती. रात्रपाळीवरून कुणी नाक मुरडलं तर मी रुफैदा अल-असलमिया यांचं नाव सांगते, मशिदीच्या आवारात तंबू टाकून जखमींवर उपचार करणाऱ्या. जखमी माणूस काही दिवसाच कण्हत नाही.

नवऱ्याचं सांगते. त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. ती आयत वाचून झाल्यावर तो गप्प होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वाटी-चमच्याने पाजायचं मला शिकव. हाताचं ग्रीस काढायला त्याला दहा मिनिटं लागायची. पहिले तीन दिवस निम्मं दूध लेकीच्या गळ्यावर सांडायचं. चौथ्या दिवसापासून ती त्याच्याकडून पिऊ लागली, माझ्याकडून चमच्याने कधी प्यायली नाही. आईच्या अंगाचा वास आला की चमचा कुणाला हवा! रात्रपाळीत दोन वाजता तोच उठायचा. दुपारच्या ड्यूटीला असले की काही वेळा तो तिला घेऊन हॉस्पिटलच्या गेटपर्यंत यायचा. लहान बाळाला विनाकारण वॉर्डात आणू नये, तिथे नाही नाही ते जंतू असतात. म्हणून मी गाऊन बदलून, हात धुऊन खाली वॉचमनच्या केबिनमध्ये पाजायचे. वॉचमनमामा तेवढा वेळ बाहेर उन्हात उभे राहायचे, पाठ करून.

मोहल्ल्यात त्याला नावं ठेवली गेली. जोरू का गुलाम वगैरे. तुम्हाला ठाऊक आहे ते सगळं. त्यावर त्याचं उत्तर मला आवडतं. तो म्हणतो, गाडीचं इंजिन खोलायला लाज वाटत नाही, पोरीला दूध पाजायला कसली लाज?

एक गंमत सांगते, त्यात एक गंभीर गोष्टही आहे. माझ्या थोरल्या जावेचं बाळ माझ्या लेकीपेक्षा चार महिन्यांनी मोठं. एकदा बस बंद पडली, मला उशीर झाला, घरातलं काढलेलं दूध संपलं. जाऊ म्हणाली, मी घेते हिला. सासूबाई आडव्या आल्या, "नको, दूध का रिश्ता हो जाएगा." आपल्यात दूध पाजलं की नातं लागतं, ती मुलं सख्ख्या भावंडांसारखी होतात, त्यांचं आपसात लग्न होऊ शकत नाही. हनफी मताप्रमाणे थोडं पाजलं तरी, शाफई मताप्रमाणे पाच वेळा पाजलं तर. आम्ही हनफी. मग माझ्या लक्षात आलं की सासूबाईंनी जावेच्या मुलाचं आणि माझ्या लेकीचं मनातल्या मनात ठरवून ठेवलं होतं! सहा महिन्यांची पोर आणि दहा महिन्यांचा नवरदेव. मी म्हटलं, मग तर आजच पाजा. नर्स म्हणून मी जवळच्या नात्यातल्या लग्नांमधून आलेली थॅलेसेमियाची मुलं बघितली आहेत, दर महिन्याला रक्त चढवायला येणारी. जावेने पाजलं. आता दोघं दूधभाऊ-दूधबहीण आहेत आणि दिवसभर मारामाऱ्या करतात.

गंभीर गोष्ट अशी की याच नात्याच्या भीतीने आपल्या काही घरांत अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दूधपेढीचं दूध नाकारतात. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईत, सायन हॉस्पिटलात १९८९ साली डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आयांनी दान केलेलं दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि ज्या नाजूक बाळांच्या आयांना दूध येत नाही त्यांना देतात. किलो-सव्वाकिलोच्या बाळाला डब्याच्या दुधाने आतड्याचा जो गंभीर आजार होण्याचा धोका असतो, तो आईच्या किंवा दान केलेल्या दुधाने कमी होतो. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत. जिद्द्याच्या फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये दूधपेढ्यांविरुद्ध ठराव केला, तर युसूफ करजावींनी परवानगीचं मत दिलं, थेट अंगावर पाजणं आणि असं मिसळलेलं दूध देणं एक नाही म्हणून. माझं मत विचाराल तर बाळाचा जीव आधी. पण तुमच्या घरच्या मोठ्यांना दोन्ही मतं आहेत हे माहीत असू द्या, नाहीतर एनआयसीयूच्या दारात रात्री अकरा वाजता हा वाद सुरू होतो आणि आत बाळ उपाशी असतं.

रमजानचं एकच वाक्य. पाजत्या आईला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे. लेक पाच महिन्यांची असताना मी ती घेतली, आणि इफ्तारच्या वेळी दस्तरखानावर पहिला खजूर सासऱ्यांनी मलाच दिला.

आता ज्यांच्यापर्यंत कायदा पोचतच नाही त्यांचं. छोट्या नर्सिंग होममध्ये सहा-सात मुली असतात, बऱ्याचदा आपल्याच वस्तीतल्या. त्यांना पोट दिसायला लागलं की "बाळंत हो आणि मग बघू" असं सांगतात. मग कुणी बघत नाही. आणि मोठ्या ठिकाणी दुसरी तऱ्हा. माझ्या ओळखीच्या एका मुलीला मुलाखतीत विचारलं, लग्न झालंय का, मूल कधी? रजेचा सगळा खर्च एकट्या मालकावर टाकला की मालक तरण्या मुलींना घ्यायचंच टाळतो. सव्वीस आठवडे मी भांडून घेतले, तरी हे मला मान्य करावं लागतं. हा पैसा विम्यातून, सरकारकडून यायला हवा, ईएसआयमध्ये येतो तसा, सगळ्यांसाठी. बापाच्या रजेचं तर नावच नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीत तसा कायदा नाही, आणि गॅरेजवाल्याला कोण रजा देणार? आपल्या चळवळीने तलाकवर, शिक्षणावर मोर्चे काढले, मी त्यांत होते. पाळणाघरासाठी कधी निवेदन दिल्याचं मला आठवत नाही. जिथे आपल्या इतक्या बायका काम करतात, यंत्रमागाच्या पट्ट्यात, हॉस्पिटलांत, तिथे हे निवेदन पहिलं असायला हवं होतं. मसुदा मी लिहून आणला आहे, टेबलावर ठेवला आहे. वाचा, दुरुस्त करा. कामगार खात्याच्या कार्यालयात न्यायचा आहे.

नर्सिंगला जाणाऱ्या मुली इथे आहेत. त्यांना एवढंच सांगते, लग्न ठरताना मुलाच्या पगाराबरोबर हेही विचारा की रात्री दोन वाजता बाळ रडलं तर तो उठेल का. अब्बांना विचारायला सांगू नका, स्वतः विचारा. तो हसला तर त्याचं हसणं नीट बघा.

माझी लेक आता एकोणीस महिन्यांची आहे. रात्री आणि पहाटे अजून अंगावर पिते. लिनन रूमची मला गरज उरलेली नाही, कडी मात्र तशीच ठेवली आहे. ज्या मुलींना हाताने दूध काढणं प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी शेजारच्या खोलीत थांबा, मी कापडाचं मॉडेल आणलं आहे, वॉर्डात शिकवायला शिवलेलं. मुलांसाठी वाटी-चमचा आणि एक बाहुली आहे, तीही आणली आहे. आज माझी रात्रपाळी आहे, साडेसहाची एसटी धरायची आहे. म्हणजे आपल्याकडे पाऊण तास आहे. प्रश्न विचारा.